विणकाम शिकताना तासही मोजू या

आज आपण विणकामाबद्दल बोलणार आहोत. पालघरजवळच्या आमच्या माहीम गावात बचत गटाच्या बायकांसाठी आम्ही आठवड्यातून दोन दुपारी वर्ग घेतो. कुणी पानवेलीच्या वाडीतलं काम उरकून येते, कुणी मासळी विकून, तर कुणी बोईसरच्या कारखान्यातली पाळी संपवून. बहुतेकींचा पहिला प्रश्न एकच असतो : "ताई, यातून चार पैसे मिळतील का?" मिळतात, पण त्यासाठी टाक्यांबरोबर तासही मोजावे लागतात.

आधी कामाची ओळख करून घेऊ. विणकाम दोन प्रकारचं. एक दोन सुयांवरचं, सुलट आणि उलट टाक्यांचं. यात सगळे टाके सुईवर असतात. एक निसटला की ओळीमागून ओळ उसवत जाते. दुसरं क्रोशाचं, आकडा असलेल्या एकाच सुईचं. यात एका वेळी एकच टाका चालू असतो. मूल रडलं, भात उतू जायला लागला, तर काम खाली ठेवून उठता येतं. म्हणून आम्ही सुरुवात क्रोशानेच करतो.

दुसरं कारण आपल्या हवेचं. समुद्रकाठी लोकरीचा स्वेटर वर्षातून किती दिवस लागतो? आणि यंत्रावर विणलेले स्वेटर बाजारात स्वस्त मिळतात. त्यांच्याशी किमतीत आपला निभाव लागणं कठीण. क्रोशाचं खरं काम मात्र अजूनही हातानेच होतं. सुती धाग्याचे रुमाल, तोरणं, पिशव्या, बाळंतविड्यातली टोपरी आणि मोजे, रुखवतात मांडायच्या वस्तू यांना आपल्याकडे बारा महिने गिऱ्हाईक असतं.

शिकायला लागतं थोडंच : सुती धाग्याचा एक गुंडा, मध्यम जाडीची सुई आणि कात्री. पहिल्यांदा फिका रंग घ्या, म्हणजे टाके नीट दिसतात. दोन सुयांवरचं काम करणार असाल तर एक लक्षात ठेवा : आपल्या बाजारातल्या सुयांचा जुना नंबर जसा वाढतो, तशी सुई बारीक होत जाते. दहा नंबरची सुई आठ नंबरपेक्षा बारीक असते.

क्रोशात आधी साखळी शिकायची. मग मुका खांब, म्हणजे सुईवर आधी वेढा न घेता घातलेला बुटका टाका. मग खांब; तो घालताना सुईवर आधी एक वेढा घ्यायचा. या तिन्हींवर हात बसला की बहुतेक नमुने जमतात. कागदावरच्या नमुन्यात साखळीसाठी छोटा लंबगोल आणि खांबासाठी आडवी रेघ मारलेली उभी काठी असते. त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या मैत्रिणीही नुसत्या खुणा पाहून विणू शकतात.

गोल रुमालाचा हिशोब तर तोंडपाठच करावा. पहिल्या फेरीत १२ खांब, दुसरीत २४, तिसरीत ३६, चौथीत ४८. दर फेरीला १२ वाढवायचे. कडा वाटीसारखी वर वळायला लागली तर खांब कमी पडले. झालरीसारख्या चुण्या पडल्या तर जास्त झाले. उसवायला लाजू नका. क्रोशाचं हेच बरं आहे, धागा वाया जात नाही.

आता पैशांकडे येऊ. बायकांनी हातकामाचे वर्ग घेणं आपल्याकडे नवं नाही. रमाबाई रानडे यांनी मुंबईत स्त्रियांचं मंडळ चालवताना शिवणकामाचे आणि हातकामाचे वर्ग सुरू केले होते. पुढे १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं राहिलं. बाईने स्वतःच्या पायावर उभं राहावं, हा त्यामागचा विचार. आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्याचं पीक बुडून भीषण दुष्काळ पडला, तेव्हा जोगिणींनी गावातल्या बायकांना क्रोशाची लेस शिकवली आणि त्या कमाईवर कितीतरी कुटुंबं तगली.

पण याची दुसरी बाजूही आहे. आंध्र प्रदेशात नरसापूर भागात हजारो बायका क्रोशाची लेस विणतात. ही लेस परदेशात जाते. मारिया मीस या अभ्यासक बाईंनी तिथल्या विणकरणींवर लिहिलेलं पुस्तक १९८२ साली निघालं. त्यांना दिसलं ते असं : या बायका दिवसाचे कितीतरी तास विणत होत्या, पण त्यांना मिळणारा मोबदला शेतमजुरीपेक्षाही कमी होता. कारण काय, तर "या घरीच तर बसलेल्या असतात, फावल्या वेळात विणतात" असं सगळ्यांनी धरलं होतं. नफा व्यापाऱ्यांकडे जात होता. २०२४ साली या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं, ही चांगली गोष्ट. पण नाव मोठं झालं म्हणून विणणारीची मजुरी आपोआप वाढत नाही.

म्हणून आमच्या वर्गात प्रत्येकीकडे एक वही असते. काम हातात घेतलं की वेळ लिहायची, ठेवलं की लिहायची. समजा, एका रुमालाला ६० रुपयांचा धागा लागला आणि ५ तास गेले. तो १२० रुपयांना विकला, तर "दुप्पट झाले" असं वाटतं. पण हाती उरले ६० रुपये, म्हणजे तासाला १२. तासाला ४० रुपये धरले तर मजुरीच २०० होते, आणि रुमालाची किंमत २६० च्या खाली येऊ नये. शिवाय पिशवी आणि गाडीभाडं वेगळं. एवढा भाव येत नसेल, तर कमी वेळात होणारी वस्तू निवडा. मजुरी कापू नका.

भाव गटाने मिळून ठरवा. एकीने पन्नास रुपये कमी केले की उद्या सगळ्यांनाच कमी करावे लागतात. नगावर काम देणारा व्यापारी आला, तर आधी एक नग विणून वेळ मोजा, मगच हो म्हणा. दर आणि पैसे कधी मिळणार, हे लिहून घ्या. 'उमेद'च्या गटांना महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांत माल थेट विकता येतो. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांमध्ये शिक्षण मोफत असतं. तिथे विणकामाचा वर्ग आहे का, हे गटाने मिळून विचारावं.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढंच करा. चार फेऱ्यांचा एक गोल विणा आणि त्याला लागलेली मिनिटं वहीत लिहा. गटाच्या पुढच्या बैठकीला गोल आणि वही, दोन्ही घेऊन या.