एक्स-रे निर्दोष, तरीही पाठ दुखते

स्तनाच्या किंवा प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावर उपचार होऊन काही वर्षे लोटलेली असतात आणि पाठ दुखू लागते. एक्स-रेमध्ये काही आढळत नाही. घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. हा दिलासा अपुरा आहे. हाडातील खनिजांचा साधारण ३० ते ५० टक्के अंश नष्ट झाल्यावाचून एक्स-रेमध्ये पोकळी दिसत नाही.

कर्करोगाच्या पेशी रक्तावाटे हाडात येतात, त्या बहुधा मज्जेत. प्रौढांची तांबडी मज्जा मुख्यत्वे मणके, बरगड्या, कटिभाग आणि मांडीच्या हाडाचे वरचे टोक येथे असते. म्हणून रोगही बहुधा तेथेच ठाण मांडतो. बोन स्कॅन सबंध सांगाडा एकदम दाखवतो, हा त्याचा मोठा गुण. परंतु त्यात उमटते ती हाडाची प्रतिक्रिया, आणि झिजलेला सांधाही तसाच उठून दिसतो. एमआरआय मज्जाच पाहतो. निरोगी मज्जेतील चरबी ‘टी-१’ प्रकारच्या चित्रात उजळ दिसते. रोगपेशींनी तिची जागा घेतली की हाडाची बाह्यरेषा अभंग असतानाही तेवढा भाग काळवंडतो. वार्धक्यातील ठिसूळपणाने दबलेला मणका आणि कर्करोगाने पोखरलेला मणका यांतील भेदही बहुधा येथेच कळतो. क्वचित तुकडा काढून तपासावा लागतो.

एरवी चार दिवस मागेपुढे झाले तरी चालते. पण कर्करोगाच्या रुग्णाची पाठदुखी आडवे झाल्यावर वाढत असेल, त्यातच पायांतील बळ ओसरू लागले, बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर मज्जारज्जूवर दाब आल्याची शंका घ्यावी. अशा वेळी संपूर्ण कण्याचा एमआरआय २४ तासांच्या आत व्हावा; नुसत्या कमरेचा पुरत नाही. पाय चालते असताना उपचार मिळाले तर ते बहुधा चालतेच राहतात. एकदा गेलेले बळ परतेलच, असे नाही.

यंत्राच्या बोगद्यात अर्धा-पाऊण तास निश्चल पडणे दुखऱ्या पाठीस जड जाते. वेदनाशामक आधी घ्यावे का, हे डॉक्टरांना विचारावे. पेसमेकर किंवा शरीरातील धातू यांची कल्पना द्यावी. आणि जुना कर्करोग लपवू नये. आजीसमोर तो शब्द नको म्हणून कितीतरी कुटुंबे तो आम्हालाही सांगत नाहीत. मग चिठ्ठीवर ‘कंबरदुखी’ एवढेच जाते आणि तपासणीही कमरेपुरतीच होते. आजीसमोर बोलणे जमत नसेल, तर जुनी फाइल डॉक्टरांच्या हाती द्यावी.