हल्लाबोल (नांदेड)

हल्लाबोल ही नांदेड येथील तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब या गुरुद्वाऱ्यातून निघणारी शीख धर्मीयांची शस्त्रधारी मिरवणूक आहे. तिला महल्ला असेही म्हणतात. विजयादशमी आणि होळीच्या दुसऱ्या दिवशी येणारा होला महल्ला हे तिचे प्रमुख प्रसंग होत. मराठी वृत्तपत्रांत ‘हल्लाबोल’ म्हणजे एखाद्या पक्षाचे आंदोलन. नांदेडकरांना मात्र या शब्दाने प्रथम ही मिरवणूकच आठवते.

== पार्श्वभूमी ==

दहावे गुरू गोविंदसिंग यांनी १७०८ मध्ये गोदावरीकाठच्या नांदेड येथे गुरुपद गुरू ग्रंथसाहिबास दिले आणि तेथेच ७ ऑक्टोबर रोजी त्यांचे देहावसान झाले. हे स्थान शिखांच्या पाच तख्तांपैकी एक होय. सध्याची मुख्य वास्तू महाराजा रणजितसिंग यांच्या साहाय्याने १८३२ ते १८३७ या काळात बांधली गेली. नांदेड त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानाच्या चाकरीत शीख सैनिकांची तुकडी होती. त्या सैनिकांचे अनेक वंशज दक्षिणेतच स्थायिक झाले. त्यांना दखनी शीख म्हणतात. पंजाबी, दखनी हिंदी आणि मराठी या तिन्ही भाषा त्यांच्या घरांत व व्यवहारात नांदतात.

पंजाबातील गुरुद्वारा सुधारणा चळवळ आणि १९२५ चा तेथील गुरुद्वारा कायदा यांची कक्षा नांदेडपर्यंत पोहोचली नाही. येथील व्यवस्थेसाठी हैदराबाद राज्याने १९५६ मध्ये स्वतंत्र कायदा केला. पंजाबात मागे पडलेल्या अनेक जुन्या चाली येथे टिकल्या, त्याचे एक कारण हे असावे. दिव्यांची आरती, चंदनाचा टिळा, गुरू ग्रंथसाहिबाजवळ दशम ग्रंथाची स्थापना या गोष्टी पंजाबातून प्रथमच आलेल्या यात्रेकरूस नवलाच्या वाटतात. हिंदू प्रभाव म्हणून त्यांची बोळवण करणे सोपे आहे. हजूर साहिबचे सेवेकरी मात्र त्यांना गुरुकाळापासूनची मर्यादा मानतात.

== स्वरूप ==

मिरवणुकीपूर्वी तख्तावर अरदास होते. त्यानंतर निशाण साहिब, कीर्तन करणारे जथे, निळ्या वेशातील निहंग आणि गटका खेळणारे तरुण बाहेर पडतात. गुरूंचे मानले जाणारे घोडे सजवून, पाठीवर स्वार न घेता चालवले जातात. भाविक त्यांच्यापुढे वाकतात. शहरातील ठरलेल्या ठिकाणी मिरवणूक थांबते, पुन्हा अरदास होते आणि ‘बोले सो निहाल’चा पुकारा होताच उपसलेल्या तलवारी, भाले व ध्वज घेऊन जमाव एकदम धावत सुटतो. हा प्रतीकात्मक हल्ला म्हणजेच हल्लाबोल. मूळ होला महल्ला गुरू गोविंदसिंगांनी आनंदपूर येथे युद्धसरावाचा उत्सव म्हणून सुरू केला होता.

दसऱ्याला याच संध्याकाळी मराठी घरांतील माणसे सीमोल्लंघनासाठी निघालेली असतात. हातात आपट्याची पाने घेतलेली मुले रस्त्याच्या कडेला उभी राहून तलवारी पाहतात. शस्त्रपूजा हा दोन्ही परंपरांतील समान धागा आहे.

दिवाळीआधी होणारे तख्तस्नान हा या उत्सवचक्राचा शांत भाग. भाविक गोदावरीचे पाणी घागरींतून आणतात, तख्त धुतले जाते आणि ऐतिहासिक शस्त्रांची स्वच्छता होते. एरवीही तख्ताच्या स्नानासाठी रोज पहाटेपूर्वी गोदावरीतूनच घागर आणली जाते, त्यामुळे नदीचे पाणी हा येथे निव्वळ पर्यावरणाचा विषय राहत नाही.

== २०२१ मधील संघर्ष ==

कोविड-१९ च्या साथीमुळे २९ मार्च २०२१ रोजी होला महल्ल्याची मिरवणूक रस्त्यावर काढण्यास परवानगी नव्हती. कार्यक्रम गुरुद्वाऱ्याच्या आवारातच होणार, असे ठरले होते. प्रत्यक्षात निशाण साहिब प्रवेशद्वारापाशी येताच वाद झाला, जमावाने अडथळे तोडले आणि पोलिसांवर हल्ला झाला. काही पोलीस जखमी झाले, वाहनांची मोडतोड झाली व गुन्हे दाखल झाले. खंड पडू न देण्याची श्रद्धा आणि साथीच्या काळातील सार्वजनिक सुरक्षितता यांतील हा ताण शहराने अगदी जवळून पाहिला. निर्बंध उठल्यावर मिरवणूक पुन्हा रस्त्यावरून निघू लागली.