तरुणाईची टक्केवारी: आधी विचारा, कुणापैकी?

‘आजकालची मुलं लग्नच करत नाहीत.’ ‘नोकऱ्या आहेत कुठे?’ ‘चोवीस तास मोबाईल!’ विशीतल्यांबद्दलची असली विधानं चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत कुठेही कानावर पडतात. हल्ली त्यांच्या जोडीला एखादी टक्केवारीही येते आणि ती आली की वाद मिटतो. खरं तर तिथूनच चौकशी सुरू व्हायला हवी. अपूर्णांकात वर अंश असतो, खाली छेद. बातमीतला अंश आपण वाचतो, छेदाकडे मात्र लक्ष जात नाही. तिकडे पाहिलं तर तरुणांच्या जगाबद्दल कितीतरी गमतीदार आणि महत्त्वाच्या गोष्टी कळतात. त्यातल्या या निवडक दहा.

१. दर दहा टक्के, डोकी पाचाच्या आत

देशातल्या रोजगाराची मोजदाद करणारी सरकारी पाहणी म्हणजे पीएलएफएस. २०२३-२४ मध्ये १५ ते २९ वयोगटाचा बेरोजगारीचा दर १०.२ टक्के निघाला. मग शंभर तरुणांपैकी दहा बेकार का? नाही. त्या शंभरांतून शिकणारे, घर सांभाळणारे आधी बाजूला काढतात. काम करणारे किंवा कामाच्या शोधात असलेले उरतात साधारण ४६-४७. दहा टक्के आहेत ते या उरलेल्यांचे. एखाद्या मुलाची नोंद ‘शिकतोय’ अशी झाली तर तो हिशोबाबाहेर राहतो. ‘काम शोधतोय’ अशी झाली तर छेदातही येतो आणि अंशातही. घरच्या शेतात पगाराविना राबणारा मात्र ‘रोजगार असलेला’ धरला जातो. म्हणून हा दर ऐकला की त्याच्यासोबत काम करणाऱ्यांचं प्रमाणही विचारा. त्या वर्षी तरुणांत ते जेमतेम ४२ टक्के होतं.

२. पहाटे ४ ला उगवणारा दिवस

कोण किती वेळ काय करतं, हे शोधणारी राष्ट्रीय वेळ-वापर पाहणी २०१९ मध्ये पहिल्यांदा झाली. तिचा दिवस पहाटे ४ ला सुरू होतो आणि दुसऱ्या पहाटे ४ ला संपतो. त्याचे अर्ध्या अर्ध्या तासाचे ४८ कप्पे पाडतात आणि प्रत्येक कप्प्यात काय केलं ते लिहून घेतात.

आता छेदाची करामत बघा. २०१९ मध्ये घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. म्हणजे साधारण तिप्पट फरक. पण त्या दिवशी घरकामाला हात लावणारे पुरुष होते फक्त २६ टक्के, बायका ८१ टक्के! न करणाऱ्यांनाही छेदात धरलं की सरासरी येते बायकांची २४३ मिनिटं आणि पुरुषांची २५. तिप्पट फरक जवळजवळ दसपट झाला. पाहणी तीच, आकडेही खरे. फक्त छेद बदलला. घरात ‘आमचा मुलगा मदत करतो हं’ असं कुणी म्हणालं, तर किती मुलगे करतात हेही विचारायला हवं.

३. देशातला सगळ्यात मोठा स्थलांतरित वर्ग: नवऱ्या मुली

स्थलांतर म्हटलं की डोळ्यांसमोर येतो रेल्वेने मुंबईला आलेला कामगार. आकडे वेगळीच व्यक्ती दाखवतात. पीएलएफएसच्या २०२०-२१ च्या फेरीत पुरुषांपैकी १०.७ टक्के स्थलांतरित निघाले आणि स्त्रियांपैकी ४७.९ टक्के. या स्थलांतरित स्त्रियांपैकी ८६.८ टक्के जणींनी कारण सांगितलं ते लग्न. नोकरीसाठी गाव सोडणाऱ्या मुलावर सिनेमे निघतात, बातम्या होतात. त्याच वयात गाव, मैत्रिणी, कॉलेज मागे टाकून निघालेल्या मुलीला स्थलांतरित म्हणायचं आपल्या मनातही येत नाही. पाहणीने मात्र तिची रीतसर नोंद केली आहे.

४. बालविवाह मोजायचा तर विचारायचं विशीतलीला

१८ च्या आत किती मुलींची लग्नं होतात, हे १५-१६ वर्षांच्या मुलींना विचारून कळणार नाही. आज अविवाहित असलेल्या सोळा वर्षांच्या मुलीचं लग्न पुढच्याच वर्षी होऊ शकतं. तिची गोष्ट अजून पूर्ण झालेली नाही. म्हणून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी हा प्रश्न २० ते २४ वयाच्या स्त्रियांच्या उत्तरांवरून सोडवते. उत्तर ठरून गेलेलं असतं आणि फार जुनंही नसतं. या पाहणीची सूत्रं आपल्या मुंबईतून, देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेतून हलतात. देशात हे प्रमाण २००५-०६ मध्ये ४७.४ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये २३.३ वर आलं. दीड दशकात निम्मं! महाराष्ट्राचा आकडा मात्र २१.९, देशाच्या सरासरीला जवळपास चिकटलेला. प्रगत म्हणवणाऱ्या राज्याने या आकड्यावर समाधान मानू नये.

५. कायदा येणार म्हणून घाईघाईत बोहल्यावर

बालविवाहाला आळा घालणारा सारडा कायदा १९२९ मध्ये मंजूर झाला आणि १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. मधल्या महिन्यांत ‘कायदा यायच्या आत उरकून घ्या’ म्हणून लहान मुलामुलींच्या लग्नांची झुंबड उडाली. परिणाम असा, की १९३१ च्या जनगणनेत विवाहित मुलींची संख्या वाढलेली दिसली. नुसता तो आकडा पाहणाऱ्याला वाटेल, कायद्याने बालविवाह वाढवले!

जपानमध्ये याच्या उलट घडलं. तिथल्या पंचांगात दर ६० वर्षांनी ‘अग्नी-अश्व’ वर्ष येतं आणि त्या वर्षी जन्मलेल्या मुली कडक स्वभावाच्या निघतात, अशी समजूत आहे. १९६५ मध्ये तिथे सुमारे १८ लाख बाळं जन्मली, अग्नी-अश्व असलेल्या १९६६ मध्ये साडेतेरा लाखांच्या आसपास आणि १९६७ मध्ये १९ लाखांवर. एका समजुतीपायी लाखो तरुण जोडप्यांनी पाळणा वर्षभर लांबवला. एका वर्षाच्या आकड्यावरून ‘पिढी बदलली’ असं म्हणू नये, याचे हे दोन पक्के दाखले.

६. अणुपाणबुडी चालवणारे १२ टक्के तरुण

अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२२ मध्ये एक प्रयोग केला. ‘या आणि भरा’ पद्धतीच्या ऑनलाइन पाहणीत त्यांनी विचारलं: तुमच्याकडे अमुक वर्गाची अणुपाणबुडी चालवण्याचा परवाना आहे का? तिशीच्या आतल्या १२ टक्के लोकांनी ‘हो’ म्हटलं! प्रत्यक्षात असे लोक शून्य टक्केच म्हणावेत इतके थोडे. दोन पैसे मिळावेत म्हणून भराभर ‘हो, हो’ करत सुटणारे या फॉर्मांत घुसतात आणि स्वतःला तरुण म्हणवतात. मग ‘तरुणांना धक्कादायक गोष्टी मान्य’ अशा बातम्या होतात आणि बदनामी होते खऱ्याखुऱ्या तरुणांची.

यावरचा उपाय जुना आहे: उत्तर देणारा स्वतःहून येत नाही, चिठ्ठ्या टाकाव्यात तसा आपण निवडायचा. या नमुना निवडीच्या शास्त्रावरचं नावाजलेलं पाठ्यपुस्तक लिहिलं ते सातारा जिल्ह्यातल्या बुध गावच्या पां. वा. सुखात्मे यांनी.

७. हॉस्टेलवरचा मुलगा कुणाच्या खात्यात?

सप्टेंबर २०२० मध्ये बातमी गाजली: जुलैत अमेरिकेतले १८ ते २९ वयाचे ५२ टक्के तरुण आईवडिलांकडे राहत होते. फेब्रुवारीत हे प्रमाण ४७ टक्के होतं. कोविडमुळे कॉलेजं बंद, हॉस्टेलं रिकामी, पोरं घरी. झालं असेल तसंच, असं कुणालाही वाटेल. पण ज्या पाहणीतून हा आकडा आला, तिच्यात हॉस्टेलवर राहणारा अविवाहित विद्यार्थी आधीपासूनच आईवडिलांच्या घरात मोजतात. म्हणजे वाढ झाली ती हॉस्टेल रिकामी झाल्यामुळे नव्हे. भाड्याच्या खोल्या सोडून, नोकऱ्या गमावून परतलेले तरुण त्यात होते.

आपल्याकडचा नियम अगदी उलट आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीत हॉस्टेलवरचा प्रत्येक विद्यार्थी स्वतःच एक सदस्य असलेलं स्वतंत्र ‘कुटुंब’ ठरतो.

८. तुमच्यापेक्षा तुमच्या मित्रांना मित्र जास्त

इन्स्टाग्रामवर सगळ्यांचे मित्र आपल्याहून जास्त दिसतात ना? हे गणित आहे, तुमचा दोष नाही. समाजशास्त्रज्ञ स्कॉट फेल्ड यांनी १९९१ मध्ये ते मांडलं. चौघीजणी घ्या. सई तिघींची मैत्रीण. बाकी तिघींची एकमेकींशी ओळख नाही, प्रत्येकीची मैत्रीण एकटी सई. दरडोई मैत्रिणी झाल्या दीड. आता प्रत्येकीला विचारा, ‘तुझ्या मैत्रिणीला किती मैत्रिणी?’ तिघी म्हणतील ‘तीन’, सई म्हणेल ‘एक’. सरासरी अडीच! ज्याचा गोतावळा मोठा, तो जास्त लोकांच्या यादीत असतो आणि म्हणून जास्त वेळा मोजला जातो. एकटेपणाने खंतावलेल्या प्रत्येक कॉलेजकुमाराला आणि कुमारीला हे पाच ओळींचं गणित कुणीतरी करून दाखवावं.

९. नाणं उडवा आणि गुपित सांगा

‘परीक्षेत कॉपी केलीत का?’ याचं खरं उत्तर तोंडावर कोण देईल? स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ मध्ये यावर तोडगा सुचवला. त्याचं एक सोपं रूप असं: वर्गातल्या २०० जणांनी कुणाला न दाखवता नाणं उडवायचं. छापा पडला तर डोळे मिटून ‘हो’ म्हणायचं, काटा पडला तर खरं सांगायचं. समजा १३० ‘हो’ आले. त्यातले साधारण १०० छाप्याचे. राहिले ३०, तेही काटा पडलेल्या शंभरांतले. म्हणजे वर्गात जवळपास ३० टक्के कॉपी. कुणाचंच बिंग फुटलं नाही आणि तरी वर्गाचं खरं चित्र कळलं. व्यसन, नाती, मानसिक ताण अशा विषयांवर तरुणांना बोलतं करायचं असेल तर त्यांची अब्रू अशी जपली पाहिजे.

१०. ‘ही पिढीच अशी’ असं म्हणण्याआधी

विशीतला मुलगा रात्री जागतो. याला कारणं तीन असू शकतात: त्याचं वय, सध्याचा काळ किंवा त्याची पिढी. गंमत म्हणजे सालातून जन्मसाल वजा केलं की वय मिळतं. दोन कळले की तिसरं आपोआप ठरतं. त्यामुळे तिघांचा परिणाम नुसत्या आकड्यांतून पूर्णपणे वेगळा काढता येत नाही. निदान आजच्या विशीतल्यांची तुलना आजच्या पन्नाशीतल्यांशी करू नका. पन्नाशीतले विशीत होते तेव्हाच्या नोंदींशी करा. प्यूनेही २०२३ मध्ये जाहीर केलं, की ‘जेन झी’सारखी लेबलं आपण यापुढे जपून वापरू.

जाता जाता

• अमेरिकेत ३९ टक्के जोडपी ऑनलाइन भेटली, असं सर्रास सांगतात. स्टॅनफर्डच्या मायकेल रोझेनफेल्ड यांचा हा आकडा २०१७ मध्ये भेटलेल्या स्त्री-पुरुष जोडप्यांपुरताच आहे, सगळ्या जोडप्यांचा नाही.

• भारताच्या २०११ च्या जनगणनेत घटस्फोटित सुमारे १४ लाख होते, तर घटस्फोट न घेता वेगळे राहणारे ३५ लाख. नुसते घटस्फोट मोजून ‘आपल्याकडे संसार टिकतात’ म्हणणं घाईचं आहे.

• आपल्या पुढच्या जनगणनेची देशाच्या बहुतेक भागांसाठीची संदर्भतारीख आहे १ मार्च २०२७. अमेरिकेने २०२० च्या जनगणनेची फेरतपासणी केली, तेव्हा १८ ते २९ वयाचे पुरुष मोजणीतून निसटल्याचं दिसलं. हॉस्टेल, पीजी, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या बाबतीत तसं होता कामा नये. बसगाड्या, दवाखाने, कॉलेजातल्या जागा या सगळ्यांचं नियोजन त्याच मोजणीवरून होतं. प्रगणक दारात आला की दोन मिनिटं द्या, नीट उत्तरं द्या आणि खोलीतल्या बाकीच्यांचीही नोंद झाली ना, ते बघा.