मोबाईलवरचा फोटो आणि कापडावरचे चौकोन

कापडाच्या बाजारात पूर्वी डिझाईन यायचे ते कात्रणावर, नाही तर कागदावर हाताने रंगवून. आता ते मोबाईलवर येते. गिऱ्हाईक फोटो पाठवते, "सेम टू सेम छापा" म्हणते आणि लगेच भाव विचारते. मोबाईलच्या काचेवर फोटो झकास दिसतो. तोच ४४ इंच पन्ह्यावर उतरला की फुलांच्या कडेला बारीक कचरा, आकाशी जमिनीवर चौकोन-चौकोन, आणि लाल बुट्याभोवती मळकट सावली. गिऱ्हाईक माल उचलत नाही. छापणारा म्हणतो, फाईल तुमची होती. मध्ये सापडतो तो जॉबवर काम करून घेणारा छोटा व्यापारी. म्हणून आमच्या बंधूंनी हा विषय समजून घ्यावा असे आम्हास वाटते. कॉम्प्युटरवाल्या पोराचे काम आहे असे म्हणून सोडून देऊ नये.

हे चौकोन मशीनचे नव्हेत. फोटो लहान करून साठवण्याची जी जेपेग पद्धत १९९२ साली मंजूर झाली, तिची ती खूण आहे. ही पद्धत फोटोचे आडवे आठ, उभे आठ अशा ६४ ठिपक्यांचे तुकडे पाडते आणि डोळ्याला सहसा न जाणवणारा बारीक फरक प्रत्येक तुकड्यातून टाकून देते. तुकड्याचा हिशोब स्वतंत्र, शेजाऱ्याशी संबंध नाही. त्यामुळे फार दाबले की सांधे दिसू लागतात. यामागचे गणित बंगलोरला जन्मलेले इंजिनिअर नासिर अहमद यांनी अमेरिकेत मांडले. १९७२ साली त्यांनी या संशोधनासाठी सरकारी अनुदान मागितले होते, ते नामंजूर झाले. तरी काम पुरे करून १९७४ साली त्यांनी सहकाऱ्यांसह ते प्रसिद्ध केले. आज जगातला जवळजवळ प्रत्येक फोटो त्यांच्या गणितातून जातो, आणि आमच्या बाजारात त्यांचे नाव कोणाला ठाऊक नाही!

रंगाच्या बाबतीत तर जेपेग आणखी कंजूष. बहुधा चार ठिपक्यांत मिळून रंग एकच ठेवते. पांढऱ्यावरचा लाल बुटा कडेला पसरतो तो यामुळे. छापणारा बिचारा रंग फुटला समजून रंग बदलतो, स्टीम बदलतो, आणि दोष असतो फाईलीत.

आता साधा हिशोब पाहा. फोटो १६०० ठिपके रुंद आहे. ४४ इंचावर पसरला तर इंचाला ३६ ठिपके पडतात. आठ ठिपक्यांचा चौकोन पाव इंचाला थोडा कमी, म्हणजे जवळजवळ दोन सूत! तो लपेल कसा? नीट छपाईला इंचाला निदान १५० ठिपके धरावेत. त्या मापाने हा फोटो साडेदहा इंचांपर्यंतच चालेल. लहान रिपीटला तेवढा पुरतो. साडीच्या पदराला पुरत नाही.

पहिला इलाज फुकटचा आहे. मूळ फाईल मागावी, आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावे. तसे केल्याने ती दाबली जात नाही. मूळ मिळतच नसेल तर आलेला फोटो आधी टिफमध्ये साठवावा. जेपेगमध्ये दुरुस्ती करून पुन्हा जेपेगच साठवणे म्हणजे धुतलेला कपडा त्याच मळक्या पाण्यात बुडवणे.

फोटोशॉपमध्ये लॅब मोड केला की उजेड-अंधार एका चॅनेलवर आणि रंग दोन चॅनेलवर वेगळे होतात. रंगाच्या दोन चॅनेलना हलका ब्लर द्यावा. नक्षीची धार उजेडाच्या चॅनेलवर शाबूत राहते आणि मळकट सावली जाते. चौकोनांसाठी 'रिड्यूस नॉइज'मध्ये जेपेगचा कचरा काढण्याची वेगळी खूण आहे. त्यानंतर आकार वाढवावा आणि शार्पन अगदी शेवटी करावे. बहुतेक पोरे आधी शार्पन करतात, त्याने चौकोनच उठून येतात. डिझाईन सहा-आठ सपाट रंगांचे असेल तर ही सारी मेहनतही करू नये. एक बुटा स्वच्छ आखून घ्यावा आणि रिपीट बसवावा. दिवसभराचे काम तासात होते. लेबलवरच्या अक्षरांनाही हाच नियम. उर्दू लिहिणाऱ्याला ठाऊक आहे की नुक्ता एक जास्त पडला तर अक्षरच बदलते, आणि जेपेगचा कचरा बरोबर अक्षराभोवतीच साचतो.

खरी सावधगिरी पुढेच आहे. आता एआयची साधने एका बटणावर फोटो साफ करून चौपट मोठा करून देतात. २०२१ साली आलेले 'रिअल-ईएसआरगॅन' तर मोफत आहे. काम चटकन होते यात शंका नाही. परंतु जे फोटोत नाही ते हे साधन अंदाजाने भरते, आणि त्याला कापड कळत नाही. बांधणीचे बारीक ठिपके त्याला कचरा वाटतात, ते पुसले जातात. इक्कतच्या नक्षीची कड धूसर असते, कारण सूत आधी बांधून रंगवतात आणि मग विणतात. तीच त्याची ओळख. साधन तिला दोष समजून सरळ रेघ मारते. मग छापलेले कापड स्वच्छ दिसते, पण इक्कत राहत नाही, आणि जाणते गिऱ्हाईक ते दुकानाच्या पायरीवरूनच ओळखते. म्हणून साफ झालेली फाईल जुन्या फोटोशेजारी ठेवून, ज्याला विणकाम कळते अशा माणसाने पाहावी.

दुसऱ्याच्या कॅटलॉगमधून उचललेला फोटो साफ करायला आणला जातो, तेही आम्ही पाहतो. अशा डिझाईनची २०००च्या डिझाईन कायद्याखाली नोंदणी असेल तर मालकाला दहा वर्षे हक्क असतो. फोटो कोठून आणला हे आधी विचारावे. जबाब गोलमोल आला तर काम परत करावे.

थान लावण्यापूर्वी मीटरभर नमुना त्याच कापडावर छापून घ्यावा. जाड सुती कापड किंवा खरखरीत जॉर्जेट बरेच दोष पोटात घेते, सॅटिन आणि क्रेप एकही घेत नाहीत. नमुना दिवसाच्या उजेडात पाहावा, दोन तुकडे करून दोन्हींवर गिऱ्हाइकाची सही घ्यावी. एक त्याच्याकडे, एक आपल्या फाईलीत. चलनावर फाईल कोणी दिली आणि साफ कोणी केली, हे एका ओळीत लिहावे.