देऊळ फिरले, पडदा फिरेल?

औंढा नागनाथची आख्यायिका हिंगोली जिल्ह्यात घरोघरी ठाऊक आहे. पुजाऱ्यांनी नामदेवांना कीर्तनातून उठवले, ते देवळामागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले!

१४ एप्रिल २०२० ची आंबेडकर जयंती टाळेबंदीमुळे घरातच झाली. त्या काळात कितीतरी व्याख्याने मोबाइलवर आली. आज गावच्या ग्रंथपालाला २६ जूनला, शाहूजयंतीच्या सामाजिक न्याय दिनी, पुण्याचा वक्ता प्रवासखर्चाशिवाय मिळू शकतो. सोय खरीच. पण सेनगाव-कळमनुरीकडच्या वाडीतला श्रोता? पेरणीचे दिवस, घरात मोबाइल एकच, तोही बापाच्या खिशात रानात गेलेला. कार्यक्रम दुपारी चारला ठेवला तर ज्यांच्याविषयी बोलायचे तेच देवळामागे! त्यापेक्षा तो रात्री आठला ठेवावा, ग्रंथालयाच्या ओसरीवर कर्णा लावावा. बायकाही बसतील.

आणि खुद्द ग्रंथपाल? ग्रंथालय कायदा १९६७ चा. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ मंजूर झाली, पण वेतनश्रेणीची मागणी जुनीच. न्यायावरचे व्याख्यान संपले की आभार तोच मानतो. रिचार्जही बहुधा त्याच्याच खिशातला.