चिंधीचा हिशेब आणि घरचे खत

चिंधीचा धंदा ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना एक गोष्ट सांगावी लागत नाही. सुती, टेरिकॉट आणि नायलॉनची कतरन एकाच पोत्यात कोंबली तर पोत्याला मातीमोल भाव येतो. तीच कतरन वेगवेगळी केली की प्रत्येकीला गिऱ्हाईक मिळते. घरातील कचऱ्याचेही तसेच आहे. मालेगावात कापडाच्या दुकानात माझी हयात गेली, पण हे कळायला पन्नाशी उलटावी लागली.

काही वर्षांपूर्वी गच्चीवर पुदिना, कोथिंबीर, मेथी व मिरची लावली. खत घरीच करावे म्हणून एक जुने पिंप ठेवले. भाजीची देठे, फळांच्या साली, उरलेले सालन, हाडे, सारे त्यात जाऊ लागले. पंधरा दिवसांत असा वास सुटला की मांजरी आणि उंदीर गोळा झाले. भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजाऱ्याने बोलणे टाकले. खताच्या चार पैशांपायी तीस वर्षांचा शेजार तुटायची वेळ आली.

चूक कुठे झाली, हे शेती करणाऱ्या एका जुन्या गिऱ्हाइकाने समजावले. कचरा कुजवणाऱ्या सूक्ष्म जीवांना हवा लागते. नुसता ओला कचरा घट्ट बसतो, हवा कोंडते आणि तो सडतो. शिवाय नायट्रोजनच्या १ भागाला कार्बनचे सुमारे ३० भाग लागतात. ओल्या कचऱ्यात नायट्रोजन जास्त, तर वाळल्या पानांत व लाकडाच्या भुशात कार्बन जास्त. जमा आणि खर्च जुळल्याशिवाय वही मिळत नाही, तसेच हे आहे.

या विद्येचा आपल्या धंद्याशी जुना संबंध आहे. कंपोस्टची प्रसिद्ध ‘इंदूर पद्धत’ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरच्या संशोधन संस्थेत बसवली. यशवंत वाड या सहकाऱ्याबरोबर त्यांनी १९३१ मध्ये तिच्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. ही संस्था मुख्यतः कापसाच्या संशोधनासाठी होती व कापसावरील उपकरातून तिला पैसा मिळत असे. पऱ्हाटी कुजायला कठीण, म्हणून ती रस्त्यावर पसरून बैलगाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत. एका वेळी टाकाऊ समजलेल्या मालाचे असे खत झाले.

घरी करावयाची रीत सोपी आहे. पिंपाला तळाशी व बाजूंना भोके पाडावीत. एक भांडे ओला कचरा टाकला की वर दीड-दोन भांडी वाळला पाला किंवा भुसा टाकावा. विरजण म्हणून थोडे शेण किंवा जुने खत घालावे. आठवड्यातून एकदा वरखाली करावे. मूठभर माल दाबला असता एखाद-दोन थेंब पाणी निघाले तर ओल बरोबर आहे. जास्त निघाले तर भुसा वाढवावा. मांस, हाडे, मासळी व तेलकट अन्न यात टाकू नये. अंड्याची टरफले चुरून चालतात. साधारण तीन महिन्यांत काळसर, मातीच्या वासाचे खत मिळते.

सुती कतरनही कुजते, पण ती कोरी, बारीक कापलेली आणि थोडीच असावी. रंगीत किंवा मागाचे तेल लागलेली घेऊ नये. दुसऱ्या खेपेला मी थोडी टेरिकॉट टाकून पाहिली. खत चाळताना तिचे पॉलिएस्टरचे धागे जसेच्या तसे चाळणीत राहिले.

हे खत पिशव्यांत भरून विकण्याचा विचार कोणी करीत असेल, तर आधी खत नियंत्रण आदेश, १९८५ मधील सेंद्रिय खताचे निकष व परवान्याची माहिती कृषी खात्याकडून घ्यावी. घरच्या कुंड्यांपुरते करणाऱ्याला भांडवल म्हणून एक पिंप आणि पोतेभर भुसा पुरतो.

शेजाऱ्यांशी बोलणे सुरू झाले आहे. त्यांच्या घरून आता भाजीच्या साली आमच्याकडे येतात, हाडे वेगळी काढून.