आयसीयूतून सुटका झाली, पुढे काय?

मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरणारा माणूस. पण गेल्या वर्षी बाबा अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होते. ते घरी आल्यावर जे बघितलं, त्यामुळे या विषयावर बरंच वाचलं. तेच आज सांगतो.

डिस्चार्ज मिळाला म्हणजे माणूस बरा झाला, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. आयसीयूनंतर शरीर, बुद्धी आणि मन यांत जे त्रास मागे राहतात त्यांना एक नाव आहे: पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम, थोडक्यात ‘पिक्स’.

आधी शरीर. ब्रिटनमधल्या २०१३ च्या एका अभ्यासात, पहिल्या दहा दिवसांत मांडीचा एक स्नायू जवळपास १८ टक्के बारीक झालेला दिसला. म्हणजे खुर्चीतून उठायला बाबांना आधार लागायचा, तो काही आळस नव्हता.

मग बुद्धी. त्याच वर्षीच्या अमेरिकेतल्या अभ्यासात, वर्षभरानंतर तपासलेल्या साधारण चौघांपैकी एकाचे गुण सौम्य अल्झायमरच्या रुग्णांइतके होते. बाबा यूपीआयचा पिन विसरायचे आणि चिडायचे, त्याचा अर्थ मला तेव्हा कळला.

आणि मन. आयसीयूत औषधं, आजार आणि तुटक झोप यामुळे भास होतात. ‘मला कोंडून ठेवलं होतं’ असं बाबा शपथेवर सांगायचे. अशा वेळी वाद घालू नका. शांतपणे सांगा, तेव्हा खरं काय घडत होतं. काही देशांत नर्स आणि घरचे यासाठी रोजची डायरी लिहितात. तिच्या फायद्याबद्दलचे निष्कर्ष उलटसुलट आहेत, पण वहीला खर्च तो किती?

मग करायचं काय? पेशंट आयसीयूत असतानाच विचारा, ‘फिजिओथेरपी कधी सुरू करता येईल?’ २००९ च्या एका चाचणीत १०४ रुग्ण होते. लवकर हालचाल सुरू केलेल्यांपैकी ५९ टक्के रुग्ण हॉस्पिटल सोडताना स्वतःची कामं स्वतः करू शकत होते. बाकीच्यांत हे प्रमाण ३५ टक्के होतं. चष्मा, श्रवणयंत्र जवळ द्या. वार, तारीख, वेळ सांगत राहा. घरी आल्यावर झोप उडाली, भीती वाटली, विसर वाढला, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना नक्की सांगा.

आणि हो, रात्र रात्र बाहेरच्या बाकावर बसलेल्या घरच्यांनाही हा त्रास होतो. आईची झोप कशी आहे, तेही विचारा.

कुणाच्या घरी पेशंट नुकताच परतला असेल, तर हा भाग त्यांना पाठवा. भेटू पुढच्या भागात!